वळिवड्याचे पाहुणे आणि साताऱ्याचे कैदी

२१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी पोलंडची राजधानी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकासमोर नतमस्तक झाले. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीला लागलेल्या पोलिश बायका-मुलांना कोल्हापूर संस्थानातील वळिवडे येथे आसरा मिळाला, त्याच्या कृतज्ञतेपोटी उभारलेले हे स्मारक आहे. कोल्हापूरकरांची छाती फुगली. आमचीही फुगली. शाहूरायांच्या गावाचे नाव सातासमुद्रापार दगडावर कोरले जाते, त्याचा आनंद आम्हाला का होऊ नये?

परंतु आनंदाच्या भरात अर्धाच इतिहास सांगण्याची या देशाला जुनी खोड आहे. आम्हाला अर्धा इतिहास चालत नाही. ज्यांचा स्वतःचा इतिहास शेकडो वर्षे कोणी लिहिलाच नाही, त्यांनी तरी दुसऱ्याच्या इतिहासाची उरलेली पाने फाडू नयेत. म्हणून आज आम्ही वळिवड्याबरोबरच सातारा आणि पुरंदर ही नावे घेत आहोत. ज्या वर्षांत वळिवड्याला पाहुणे होते, त्याच महायुद्धात, त्याच इंग्रज सरकारच्या हुकमाने, कोल्हापूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या साताऱ्यात आणि त्याच्या पलीकडे पुरंदरच्या किल्ल्यावर बायका-मुले 'शत्रू' म्हणून ठेवली होती. त्यांत हिटलरच्या तावडीतून जीव वाचवून पळालेले ज्यूही होते. एकाला पाहुणचार आणि दुसऱ्याला पहारा, हा भेद कशावरून झाला? कोणी काय केले यावरून झाला नाही. कोण कोठे जन्मला आणि त्याच्या हातात कोणत्या देशाचा कागद आहे, यावरून झाला. आपल्या समाजाला हा हिशेब नवा नाही.

आधी वळिवडे. १९३९ च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन अशा दोघांनी मिळून पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंड सोव्हिएत सत्तेखाली गेल्यावर तेथील लाखो माणसांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानात नेण्यात आले. कोणाला नेले? पहिल्या मोठ्या खेपेत, १९४० च्या फेब्रुवारीत, सीमेवर जमिनी मिळालेल्या माजी सैनिकांची आणि जंगलखात्यातील नोकरांची कुटुंबे उचलली. बाप जंगलखात्यात रखवालदार, म्हणून त्याची चार वर्षांची मुलगी राज्याची शत्रू! यादी करताना एकेका माणसाचा गुन्हा तपासला गेला नाही, वर्ग तपासला गेला. पुढे १९४१ च्या जूनमध्ये हिटलर स्टालिनवरच उलटला, तेव्हा एका रात्रीत पोलंड हा मित्र ठरला आणि या माणसांना 'माफी' देण्यात आली. न केलेल्या गुन्ह्याची माफी! जे जगले ते कसेबसे दक्षिणेकडे आले, कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले, तेथून कराचीत आणि कराचीहून १९४३ साली कोल्हापुरात.

वळिवडे हे कोल्हापूर-मिरज रेल्वेमार्गावरचे गाव. हवा चांगली, पाण्याची सोय, गाडी जवळ. तेथे बराकी उभ्या राहिल्या आणि पाहता पाहता सुमारे पाच हजार पोलिश लोकांचे एक गावच वसले. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे, कारण हाती बंदूक धरू शकणारे पुरुष सैन्यात गेले होते. शाळा होत्या, चर्च होते, दवाखाना होता, नाटके होत. खर्चाची जबाबदारी लंडनमध्ये बसलेल्या पोलंडच्या परागंदा सरकारची होती. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडी येथे ज्या पोलिश मुलांना आसरा दिला होता, तीही १९४६ मध्ये वळिवड्याला आणली गेली. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका अशी पांगली. पोलंडला परत गेली ती थोडी. कारण १९४५ च्या जुलैमध्ये इंग्रजांनी लंडनमधल्या त्या परागंदा सरकारची मान्यता काढून घेतली होती आणि वळिवड्याच्या पाहुण्यांना आपलेच सरकार उरले नव्हते. कागदाची किंमत अशी एका सहीने वर-खाली होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

त्या रिकाम्या बराकींत मग सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. आजचे गांधीनगर ते हेच. कोल्हापूर-सांगलीचे लोक लग्नाचा बस्ता बांधायला जेथे जातात, ती कापडपेठ एकेकाळची निर्वासित छावणी आहे. सिंधी बांधवांनी कष्टाने ती उभी केली. पण त्याच दिवसांत सिंधमधून ज्यांना निघूच दिले जात नव्हते, ते कोण होते? तेथील अस्पृश्य. ते गेले तर झाडलोट आणि मैला कोण उचलणार, म्हणून त्यांची सेवा 'अत्यावश्यक' ठरवून त्यांचा रस्ता अडविला गेला. आणि जे कसेबसे पूर्व पंजाबात पोचले, त्यांना निर्वासित छावणीतही नीट वागणूक मिळेना. १९४७ च्या डिसेंबरात बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ही कैफियत मांडली. तेव्हा निर्वासित या शब्दालाही या देशात जात असते, हे आम्ही कोणाच्या पुस्तकातून शिकलेलो नाही.

आता दुसरे पान. ३ सप्टेंबर १९३९ ला इंग्लंडने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि हिंदुस्थानातील जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. व्यापारी, इंजिनिअर, डॉक्टर, पाद्री, गिर्यारोहक, सगळे एकाच जाळ्यात. त्यांना अहमदनगरला नेण्यात आले. अहमदनगरला या कामाचा सराव होताच. पहिल्या महायुद्धातही तेथे जर्मन आणि ऑस्ट्रियन लोकांना कोंडले होते. मंगळूर, कालिकत, हुबळी या भागात शाळा आणि कौलांचे कारखाने चालविणाऱ्या बाझेल मिशनचे जर्मन पाद्रीही त्यात होते. अहमदनगरहून देवळाली आणि देवळालीहून १९४१ मध्ये डेहराडून असा या कैद्यांचा प्रवास झाला. पुढे तिबेटवर पुस्तक लिहून जगप्रसिद्ध झालेला हाइनरिख हारर याच मार्गाने गेला आणि १९४४ मध्ये डेहराडूनहून पळाला. गोऱ्या गिर्यारोहकाच्या पलायनाची कथा जगाने वाचली, त्यावर सिनेमाही निघाला. जे पळाले नाहीत त्यांची कथा कोण वाचणार?

कुटुंबांसाठी पुरंदर आणि सातारा अशी व्यवस्था झाली. पुरंदर म्हणजे १६६५ चा तह आणि संभाजीराजांचा जन्म, एवढेच आपल्याला शाळेत शिकविले जाते. त्याच किल्ल्यावरच्या इंग्रजी लष्करी बराकींत जर्मन, ऑस्ट्रियन कुटुंबे ठेवली होती. साताऱ्यात मिशनऱ्यांच्या बायका-मुलांची भर होती. हाल झाले, उपासमार झाली, असे आम्ही म्हणणार नाही. नाझींच्या छळछावण्यांशी या जागांची तुलना करणे हा त्या मृतांचा अपमान होईल. खायला मिळत होते, डॉक्टर होता, मुले शिकत होती. पण ठरलेल्या हद्दीबाहेर जायचे नाही, वर्षानुवर्षे, आणि कशासाठी ते विचारायची सोय नाही.

यातले ज्यू लोक हे सर्वांत विलक्षण प्रकरण आहे. १९३३ नंतर हिटलरच्या छळाला कंटाळून जे ज्यू डॉक्टर, व्यापारी, कारागीर मुंबईत आले, त्यांच्या मदतीसाठी १९३४ मध्ये मुंबईत ज्यू रिलीफ असोसिएशन स्थापन झाली होती. १९३८ च्या ऑक्टोबरापासून जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टावर लाल रंगात 'जे' अक्षराचा शिक्का मारायला सुरुवात केली. म्हणजे हा आमचा नव्हे, याला ओळखून ठेवा! आणि १९४१ च्या नोव्हेंबरात तर परदेशी राहणाऱ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्वच हिटलर सरकारने रद्द करून टाकले. जर्मनी म्हणते, तू जर्मन नाहीस, ज्यू आहेस. इंग्रज म्हणतो, तू ज्यू असशील, पण आमच्या दप्तरी जर्मन आहेस. एकाने जन्मावरून हाकलले, दुसऱ्याने जन्मस्थानावरून कोंडले. आणि कोंडले कोणाबरोबर? हिटलरचा जयजयकार करणाऱ्या खऱ्याखुऱ्या नाझींबरोबर, एकाच तारेच्या आत. गावकुसाबाहेर हाकलायचे आणि गावकीच्या कामाला मात्र गावचा म्हणून धरायचे, ही रीत ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली, त्यांना या माणसांची कोंडी समजावून सांगावी लागणार नाही.

एका माणसाचे उदाहरण देतो. लेम्बर्ग नावाचे शहर. तेव्हा ऑस्ट्रियात, पुढे पोलंडात ल्वूफ या नावाने, आज युक्रेनमध्ये ल्विव्ह. वळिवड्याला आलेली पोलिश कुटुंबे ज्या पूर्व पोलंडातून हाकलली गेली, त्या मुलखातले हे मोठे शहर. याच शहरात १९०० साली एका ज्यू घरात लिओपोल्ड वाइस जन्मला. त्याने पुढे इस्लाम स्वीकारला आणि महंमद असद या नावाने तो विद्वान म्हणून प्रसिद्ध झाला. पासपोर्ट ऑस्ट्रियाचा. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला, म्हणून हिंदुस्थानात लिखाण करीत बसलेला हा माणूस आपोआप जर्मन झाला आणि १९३९ मध्ये आपोआप शत्रू. जवळजवळ सहा वर्षे तो हिंदुस्थानातील छावण्यांत कैदेत होता. त्या काळात त्याचे वडील आणि बहीण नाझींनी नेऊन मारले. ज्याच्या बापाला हिटलरने मारले, तो हिटलरचा हेर म्हणून बंदिस्त! एकाच शहराच्या माणसांपैकी ज्याच्या हाती पोलंडचा कागद तो वळिवड्याचा पाहुणा, ज्याच्या हाती ऑस्ट्रियाचा तो तारेआडचा शत्रू. याहून स्पष्ट पुरावा तो कोणता हवा?

आमच्या बौद्ध वाचकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. डेहराडूनच्या त्या छावणीत काषाय वस्त्रातले भिक्खूही होते. भदंत ञाणतिलोक हे जन्माने जर्मन. सिलोनमध्ये त्यांनी पाश्चात्य भिक्खूंचा आश्रम वसविला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना कैद केले, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा केले. त्यांचे शिष्य भदंत ञाणपोनिक हे १९०१ साली जर्मनीतील एका ज्यू कुटुंबात जन्मले आणि १९३६ मध्ये सिलोनात भिक्खू झाले. आधी सिलोनच्या दियतलावा येथे आणि मग डेहराडूनला त्यांना आणण्यात आले. सुटका १९४६ मध्ये. मधल्या वर्षांत ञाणपोनिकांनी तारेआड बसून सुत्तनिपाताचा जर्मन अनुवाद केला. पाणातिपाता वेरमणी म्हणणारा, जन्माने ज्यू, वृत्तीने भिक्खू असा हा माणूस ब्रिटिश साम्राज्याला कोणता धोका पोचविणार होता? पण दप्तरात चीवराचा रकाना नव्हता, जन्मस्थानाचा होता.

आता कोणी म्हणेल, युद्ध चालू होते, हेर असतात, सरकारने हातावर हात ठेवून बसायचे काय? हा प्रश्न आम्ही टाळणार नाही. बाबासाहेबांचा नाझीवादाला कडवा विरोध होता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. हिटलर जिंकला तर जगातील दलितांना कोठेही तोंड दाखवायला जागा राहणार नाही, हे ओळखणाऱ्यांपैकी ते होते. तेव्हा शत्रूच्या हस्तकाला पकडू नका, असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की, हस्तक कोण हे माणसागणिक तपासा. आणि तपासता येत नाही, ही सबब खोटी आहे. कारण याच सरकारने ते करून दाखविले होते. युद्ध सुरू झाल्यावर सर माल्कम डार्लिंग यांच्या समितीने पकडलेल्यांची एकेकाची चौकशी केली आणि ज्यू निर्वासितांपैकी बहुतेकांना सोडूनही दिले. म्हणजे चौकशी शक्य होती, लवकर शक्य होती. मग १९४० मध्ये फ्रान्स पडला, इंग्लंडात घबराट पसरली, तिकडे चौकशीत निरुपद्रवी ठरलेल्यांनाही सरसकट धरा असा हुकूम निघाला, आणि त्याची लाट इकडे येऊन सुटलेल्यांतले कित्येक पुन्हा आत गेले. त्यांनी मधल्या काळात काही केले होते काय? केले होते ते फ्रान्सच्या सेनापतींनी, हरण्याचे काम!

ही घबराट आणि ही सरसकट धरपकड आपल्या माणसांनी युद्ध नसतानाही भोगली आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरविल्या. पारध्याच्या, कैकाड्याच्या, मांगगारुड्याच्या पोटी जन्मलेले पोर दुधाचे दात पडण्याआधी पोलिसांच्या वहीत. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट जुन्या माणसांच्या स्मरणात आहे. बाहेर पडायचे तर पास, परत यायचे तर वेळेत, आणि हजेरी. ही हजेरी काय चीज होती, हे शाहू महाराजांना कळले होते. १९१८ मध्ये त्यांनी करवीर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्या मानेवरची हजेरी काढून टाकली. ज्यांना पोलीस चोर म्हणत, त्या फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्यावर ठेवले. कोल्हापूरची खरी परंपरा सांगायची तर ती येथून सांगा. वळिवड्याच्या पंचवीस वर्षे आधी या गावाने जन्मावरचा संशय पुसण्याचे काम केले होते. आणि उरलेल्या देशात ते व्हायला १९५२ साल उजाडावे लागले. ३१ ऑगस्ट १९५२, ज्याला आपण विमुक्त दिन म्हणतो.

याच तारखेला, ३१ ऑगस्ट २०१९ रोजी, आसामात नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली आणि १९ लाखांहून अधिक माणसे तिच्याबाहेर राहिली. हा योगायोग आहे. पण आम्हाला तो विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर आपण काय केले? १९६२ च्या चीन युद्धात आसाम, मेघालय, दार्जिलिंग भागातून सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानातील देवळीच्या छावणीत नेले. नाशिकजवळची देवळाली वेगळी, ही देवळी वेगळी. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी जपानी नागरिकांना जेथे कोंडले होते, तीच ही छावणी. इंग्रज गेला, छावणी राहिली! या लोकांचे आजे-पणजे चहाच्या मळ्यांत मजूर म्हणून आणले गेले होते. कोणी सुतार, कोणी चांभारकाम करणारे, कोणी केस कापणारे. कित्येकांचा जन्म भारतातला, कित्येकांच्या बायका आसामी, खासी, नेपाळी. आई-बाप किंवा आजा-आजी यांपैकी कोणी एकेकाळी शत्रुदेशाचा प्रजाजन होता, एवढ्यावर त्या काळच्या हुकमांनी माणसाला परका ठरविले. युद्ध महिनाभरात संपले. शेवटची माणसे सुटायला १९६७ उजाडले. सुटून घरी आली तर घरे-दुकाने लिलावात गेलेली, आणि पोलीस ठाण्यात पुन्हा हजेरी. शब्द तोच. हजेरी.

अमेरिकेने १९४२ मध्ये १ लाख २० हजार जपानी वंशाच्या माणसांना असेच कोंडले होते. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचे नागरिक होते. १९८८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. अमेरिकेचे गोडवे गाण्याचे आम्हाला कारण नाही. परंतु देवळीच्या कैद्यांची भारत सरकारने अशी माफी मागितलेली नाही. त्यांतले बरेचसे कॅनडात गेले आणि म्हातारे होऊन मरत आहेत.

येथे आम्हाला एक अवघड गोष्ट बोलावी लागते. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या माणसाला तीन गोष्टी दिल्या आहेत: अटकेचे कारण कळणे, वकील मिळणे, आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहणे. त्याच अनुच्छेदाच्या तिसऱ्या खंडात दोन अपवाद आहेत. एक निवारक स्थानबद्धतेचा. आणि दुसरा, त्याच्याही आधी लिहिलेला, 'शत्रुदेशीय परक्या'चा. निवारक स्थानबद्धतेत निदान सल्लागार मंडळापुढे प्रकरण जाते. केवळ शत्रुदेशीय म्हणून धरलेल्याला त्या अनुच्छेदात तेवढेही नाही.

हा अनुच्छेद १५ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनीच मांडला. हे आम्ही लपविणार नाही. बाबासाहेबांवर आंधळी भक्ती करा, असे बाबासाहेबांनीच शिकविलेले नाही. पण तो दिवस नीट समजून घेतला पाहिजे. आजच्या अनुच्छेद २१ मधून न्याय्य प्रक्रियेची हमी देणारे शब्द वगळले गेले होते, त्याबद्दल सभेत आणि बाहेर असंतोष होता. झालेल्या नुकसानीची थोडी भरपाई म्हणून हा अनुच्छेद आणीत आहोत, असा बाबासाहेबांचा युक्तिवाद होता. वकील आणि चोवीस तासांची मुदत या गोष्टी साध्या कायद्यात होत्या, त्या त्यांनी संविधानात नेऊन बसविल्या, म्हणजे उद्याच्या विधिमंडळाला त्या सहजासहजी काढता येऊ नयेत. सभासदांनी टीका केली ती मुख्यतः निवारक स्थानबद्धतेवर. तीत आपण स्वतः सापडू शकतो, हे काँग्रेसवाल्यांना अनुभवाने माहीत होते. अहमदनगरच्या किल्ल्यात नेहरू याच महायुद्धात कैद होते. शत्रुदेशीय परक्याची बाजू घेण्याचे कारण कोणाला पडावे? तो मतदार नव्हता. तो अपवाद जसाच्या तसा राहिला, आणि तेरा वर्षांनी चहामळ्यातल्या सुताराला परका ठरविणाऱ्या सरकारला संविधानाचा अडसर जाणवला नाही.

परंतु त्याच संविधानात अनुच्छेद १४ आणि २१ हे 'नागरिका'ला नव्हेत, 'व्यक्ती'ला दिलेले आहेत. परक्यालाही, शत्रुदेशीयालाही. ही दोन कलमे आमची मुख्य ढाल आहेत.

२०१७ मध्ये शत्रू संपत्ती कायद्यात दुरुस्ती झाली. १९६८ चा मूळ कायदा पाकिस्तान आणि चीनमध्ये गेलेल्यांच्या मालमत्तेविषयी होता. वारस भारतात राहिला, भारताचा नागरिक आहे, तर त्याचे काय? २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका वारसाच्या बाजूने निकाल दिला होता. संसदेने दुरुस्ती करून तो फिरविला. शत्रूचा कायदेशीर वारस, मग तो भारताचा नागरिक असो वा नसो, 'शत्रू'च्या व्याख्येत आला. तो वारस श्रीमंत राजा होता म्हणून आपण दुर्लक्ष केले. आपले चुकले. कायद्याच्या पुस्तकात शत्रुत्व बापाकडून मुलाकडे वारशाने जाते, असे एकदा लिहिले गेले की ते राजापुरते राहत नाही. वारशाने अस्पृश्यता, वारशाने गुन्हेगारी, वारशाने शत्रुत्व. मनूला यात नवे काय वाटले असते?

२०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला. २६ निरपराध माणसे मारली गेली. त्या मारेकऱ्यांना शासन झालेच पाहिजे, यात दुमत नाही. त्यानंतर पाकिस्तानी पासपोर्टधारकांना देश सोडण्याचा हुकूम निघाला आणि अटारीच्या सीमेवर आई भारतीय, पोरे पाकिस्तानी अशी कुटुंबे मधोमध तुटली. त्याच वर्षी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत बंगाली बोलणाऱ्या मजुरांना बांगलादेशी म्हणून पकडण्याची मोहीम चालली. महाराष्ट्रातून पकडून सीमेपलीकडे ढकललेल्यांपैकी काही जण पश्चिम बंगालचे रहिवासी निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. दिल्लीतून नेलेल्या एका गरोदर बाईला परत आणायला प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यावे लागले. आणि १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या नव्या परकीय नागरिक कायद्यानेही जुनीच तरतूद पुढे चालू ठेवली: आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसावर. सरकारवर नाही.

आमच्यातले काही जण म्हणतील, हा मुसलमानांचा प्रश्न आहे, आपण कशाला पडायचे? त्यांनी एकदा आपल्या गावाबाहेरच्या पालावर जाऊन यावे. पारधी, डोंबारी, मसणजोगी, वैदू यांच्या किती घरांत जन्माचा दाखला आहे? जातीच्या दाखल्यासाठी पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा पुरावा आणा म्हटले तर ज्यांची दमछाक होते, ते नागरिकत्वाचा पुरावा कोठून आणणार? आज बंगाली मजुराला जो प्रश्न विचारला जातो आहे, तो उद्या पालावर विचारला गेला तर उत्तर द्यायला कोण उभे राहील? आजा सेटलमेंटीत जन्मला, हा पोलिसांच्या वहीतला एकच लेखी पुरावा त्यांच्याकडे आहे.

म्हणून चळवळीतील वकील मंडळींना आमचे सांगणे आहे. अनुच्छेद २२ च्या तिसऱ्या खंडातील पहिल्या अपवादावर अभ्यास करा. युद्धकाळातही शत्रुदेशीय म्हणून धरलेल्या प्रत्येकाला ठरावीक मुदतीत, वकिलासह, स्वतंत्र मंडळापुढे म्हणणे मांडता आले पाहिजे, अशी घटनादुरुस्तीची मागणी आपल्या पक्षांच्या जाहीरनाम्यांत आली पाहिजे. देवळीच्या कैद्यांची माफी मागणारा ठराव संसदेत मांडायला आपले खासदार थोडे असले तरी एक पुरेसा आहे. आणि कोल्हापुरातील शिक्षकांनी पोरांना वळिवड्याची सहल घडवावीच. फक्त गाडी तशीच पुढे साताऱ्याला न्यावी, आणि तेथे कोण, किती वर्षे, कशासाठी ठेवले होते, तेही सांगावे.